वीसपैकी वीस

४ जून

विहीणबाई यांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला लिहायचे बाकीचे गोड शब्द गाळले आहेत. ते खोटे ठरले असते, आणि चौतीस वर्षे सरकारी खात्यात मीटर तपासलेल्या माणसाचा हात खोटी नोंद करायला धजत नाही.

आपण माझ्या नातीला, म्हणजे आपल्याही नातीला, आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेलात. आज एकावन्नावा दिवस आहे. आपल्या घरात मोबाइलला बंदी असल्यामुळे हे विचारायलाही पत्र लिहावे लागते. माझी लेक आणि आपले चिरंजीव दर शनिवारी पोरीला भेटायला चार तास बसने येतात, तेव्हा त्यांचे फोन आपण दाराबाहेर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडता, असे कळले. डब्यात कोंडलेला फोन सिग्नल शोधायला दुप्पट जोर लावतो, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसावी. मी सांगतो आहे.

आता मुद्दा. भिंगरी पावणेतीन वर्षांची झाली, तरी ‘आई’ आणि ‘दे’ हे दोनच शब्द बोलते. आपल्या मते दोष आमच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा. तो बसवताना इमारतीच्या कमिटीत मी हात वर केला, म्हणून दोष माझा. लेकीचे घर माझ्या वरच्या मजल्यावर, टॉवरच्या थेट खाली आहे, हे खरे. त्या घरात मी खोलीखोलीत जाऊन लहरींचे माप घेतले. ठरलेल्या मर्यादेच्या शंभराव्या हिश्शाइतकेही भरले नाही. तक्ता जोडला आहे. उलटा धरून वाचू नये.

कानांचा संशय मी गेल्याच वर्षी मिटवला आहे. त्यासाठी स्वतः यंत्र बनवले. दोन पेट्या, एक पोरीच्या डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकीतून उंच, खालचा, मधला असे सूर निघतात. नोंद चुकू नये म्हणून सूर सुरू होताच पेटीवर तांबडा दिवा लागतो. पोर आईच्या मांडीवर. ज्या पेटीतून सूर येईल तिकडे तिने मान वळवायची. वीस वेळा सूर दिला, वीस वेळा मान वळली. वीसपैकी वीस. तसे सर्टिफिकेट सहीनिशी लिहून लेकीला दिले, आपल्यालाही एक प्रत पाठवली.

काही मुले उशिरा बोलतात. मी स्वतः साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो.

पोर परत कधी पाठवता, तेवढी तारीख कळवावी.

आपला व्याही

•

१० जून

व्याहीबुवा,

पत्र मिळालं. तक्ताही मिळाला. सरळच धरला होता, तरी त्यात पोर कुठे बोलताना दिसली नाही.

साडेतीन वर्षांपर्यंत तुम्ही बोलला नव्हता, हे वाचून तुमच्या आईवडिलांसाठी बरं वाटलं. तेवढी तरी शांतता त्यांच्या वाट्याला आली. पुढे तुम्ही ती भरून काढलीत. आमच्याकडे फोन होता तेव्हा तुम्ही असे ओरडायचात, जणू मी नदीच्या पलीकडे उभी आहे. मध्ये फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

मला मोजमाप कळत नाही असं समजू नका. सत्तावीस वर्षं शिवणक्लास चालवतेय, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. पण तुमचं माप कसं, तर गिऱ्हाईक म्हणतंय काखेत काचतंय, आणि तुम्ही टेप नाचवून सांगताय की काचूच शकत नाही. अहो, अंग कुणाचं आहे?

आता माझा हिशोब ऐका. घसा चांगला आहे. रडली की तिसऱ्या गल्लीतली माणसं खिडकीत येतात. डोकं तल्लख आहे. रिळांचे अठरा रंग एकदा दाखवले, न चुकता जागच्या जागी लावते. कान चांगले आहेत, असं तर तुम्हीच लिहून दिलंय, सहीनिशी. तो कागद मी जपून ठेवलाय. मग राहिलं काय? डोक्यावर चोवीस तास गुरगुरणारा तुमचा तो लोखंडी सोटा राहिला. तुमच्या सर्टिफिकेटनेच माझं म्हणणं सिद्ध होतं. तुम्हाला लिहिताना कळलं नाही, त्याला मी काय करू?

इथे मी सगळ्या पडद्यांना आतून ॲल्युमिनियमच्या कागदाचं अस्तर लावलंय. हसा. पण पोर इथे निवांत झाली आहे. दुपारी क्लासमध्ये सहा मशिनं एकदम धडधडत असतात आणि ही कापायच्या टेबलाखाली गाढ झोपलेली असते. कूससुद्धा बदलत नाही. तुमच्याकडे झोपायच्या वेळी केवढा तमाशा असायचा, ते सूनबाईने सांगितलंय मला.

तारीख विचारलीत. टॉवर ज्या दिवशी उतरेल, त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहिली बस.

विहीण

•

१६ जून

विहीणबाई यांस,

टॉवर ज्या वर्षी बसला, त्याच वर्षी इमारतीच्या जिन्याला हिरवा रंग लागला, माझी कवळी आली आणि आपल्या चिरंजीवांचे केस पुढून मागे सरकू लागले. यांपैकी टॉवरच नेमका गुन्हेगार, हे आपण कसे ठरवलेत? कवळीला का सोडलेत? ती तर टॉवरपेक्षा पोरीच्या जास्त जवळ असते.

सहा मशिनांच्या धडधडीत पोर झोपते, यातून एवढेच दिसते की तिचा स्वभाव स्थिर आहे. तो आमच्या बाजूने आलेला असणार. आपल्या बाजूला शोधण्यात अर्थ नाही.

मी माझ्या कामात एक नियम पाळला. यंत्र खोटे बोलत नाही; बोलतो तो माणूस. आपण यंत्राचा निकाल आपल्या सोयीपुरता घेतलात (कान चांगले) आणि गैरसोयीचा फेकलात (लहरी नाहीत). म्हणजे कापडाची एकच बाजू दाखवून गज पूर्ण भरल्याचे सांगण्यातला प्रकार.

लेक रोज संध्याकाळी कामावरून वर तिच्या घरी येऊन पोरीचे रिकामे अंथरूण झटकते आणि परत घालते. माझ्या डोक्यावर तिची पावले वाजतात. आपल्याला हे माहीत असावे म्हणून लिहिले.

या महिनाअखेर पोर परत आली नाही, तर मी स्वतः बसने येईन. पडद्यांचे अस्तर उसवून ठेवावे. तो कागद डबा गुंडाळायच्या कामी येतो.

व्याही

•

२४ जून

व्याहीबुवा,

टोमणे नंतर मारते. आधी ऐका.

परवा सकाळी मी दारात गिऱ्हाईकाशी बोलत होते. भिंगरी समोरच गल्लीत उकिडवी बसून बाटलीचं बूच निरखत होती. कापडाच्या दुकानाचा टेम्पो उलटा येत होता. उलटा येताना तो कसा टूं टूं वाजतो, तसा वाजत होता. गिऱ्हाईक ओरडलं, ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. पोर बूच निरखतेय. मान म्हणून वर नाही.

मी कशी पोचले मला माहीत नाही. बाही धरून ओढली, तर बाही हातात आली. माझ्या हातची शिवण आजवर कधी उसवली नव्हती. दुसऱ्या हाताला दंड सापडला, म्हणून हे पत्र असं आहे. नाहीतर दुसऱ्याच प्रकारचं लिहावं लागलं असतं. टेम्पोचं चाक तिच्या चपलेवरून गेलं. चपलेत पाय नव्हता.

आणि ती हसत होती. तिला वाटलं मी खेळतेय.

मुलाला आणि सूनबाईला अजून सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण हे तुमचं काम आहे. कान धडधाकट असून हॉर्नला मान वळत नाही, याचा अर्थ डोकं बधिर झालंय. दोन वर्षं त्या टॉवरखाली भाजलंय ते. आता तरी कमिटीत तो हात पुन्हा वर करा, तो सोटा उतरवायला. नाहीतर त्याच हाताने मला लिहून द्या की पुढच्या वेळी चपलेत पाय असला तर जबाबदार तुम्ही.

विहीण

•

२८ जून

विहीणबाई यांस,

पत्र तीनदा वाचले. लेकीला मीही सांगितलेले नाही.

बधिर डोके वगैरे शब्द कृपया वापरू नयेत. अठरा रंग लावणारे डोके बधिर नसते. पोर खेळात गुंगली असेल. तरीही आपली खात्री व्हावी म्हणून एक चाचणी करावी, असे मी सुचवतो. अटी पाळल्या नाहीत तर चाचणी बाद.

एक: पोरीच्या मागे उभे राहावे, सावली पुढे पडू देऊ नये. दोन: कपडे शिवायची मोठी कात्री आपटून आवाज करावा, दहा वेळा, मध्ये वेळ कमीजास्त ठेवून. तीन: समोर दुसऱ्या कुणी बसावे आणि मान वळली की नाही एवढेच लिहावे. चार: चाचणी चालू असताना आपण बोलू नये. ही अट सगळ्यांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

मते कळवू नयेत. आकडे कळवावेत. दहापैकी दहा येतील. आल्यावर पोर आपण मुकाट्याने परत पाठवायची, असे ठरले असे समजतो.

व्याही

•

५ जुलै

व्याहीबुवा,

केली चाचणी. बोलले नाही. समोर क्लासमधल्या चष्मेवालीला बसवलं. मुलगी हुशार आहे, काज-बटण सोडून सगळं जमतं.

पोरीला कापायच्या टेबलावर बसवलं, मागे उभी राहिले, कात्री आपटली. दहापैकी नऊ वेळा वळली. खरं सांगते, तुमच्यापुढे हरल्याचं वाईट वाटलं, पण आतून बरंही वाटलं.

तेवढ्यात चष्मेवाली म्हणाली, “बाई, कात्री तुम्ही टेबलावरच आपटताय. तिचे दोन्ही तळहात टेबलावर आहेत.”

मग मी चिंध्यांचा ढीग केला. आमच्याकडे चिंध्यांना तोटा नाही, कमरेएवढा झाला. त्यावर पोरीला बसवलं. कात्री हवेत धरली आणि पितळी पातेल्यावर मारली. दहापैकी शून्य. पातेलं बदललं. शून्य. सहाही मशिनं एकदम चालू करून एकदम बंद केली. ती बोटाने चिंधीचा दोरा ओढत बसली होती.

शेवटी तुमची चौथी अट मोडली. तिच्या पाठीमागे उभी राहून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली. अख्खी गल्ली दारात आली. भिंगरीने मागे पाहिलं नाही.

पोरीला ऐकू येत नाही, व्याहीबुवा. टॉवर नाही, बधिर डोकं नाही, आणि तुमचा तो स्थिर स्वभाव तर नाहीच नाही. मशिनांच्या धडधडीत झोपते म्हणून मी कौतुक करत होते. माझ्या त्या पत्रावर तुम्ही विनोद केलात. दोघांनाही कळलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती दुसरं कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी. इथल्या बालवाडीच्या बाईंनी एप्रिलमध्येच चिठ्ठी दिली होती: पोरीचे कान डॉक्टरांना दाखवा. दोन महिने ती माझ्या मशिनच्या खणात आहे, बॉबिनांखाली. दाखवली नाही. कारण कानांचं तुम्ही लिहून दिलं होतं, वीसपैकी वीस. उभ्या आयुष्यात एकदा तुमच्यावर विश्वास ठेवला, आणि बघा.

तुमचं यंत्र खोटं बोलत नाही म्हणता. मग माझी कात्री खोटी का? दोघांपैकी खोटं कोण ते शोधून उलट टपाली कळवा. मी मुलाला बोलावून घेतलंय.

विहीण

•

९ जुलै

विषय: दिनांक ११ जुलै, मागील वर्ष, रोजी दिलेले सर्टिफिकेट मागे घेणे.

विहीणबाई यांस,

आपले पत्र मिळताच दोन्ही पेट्या माळ्यावरून काढल्या. घरच्यांना, म्हणजे आमच्या सौ.ना, बटण दाबायला बसवले. मी पोरीच्या उंचीवर, जमिनीवर बसलो. कानांत कापसाचे बोळे घातले, वरून मफलर बांधला. वीस वेळा बटण दाबले गेले. वीस वेळा माझी मान वळली. मला एकही सूर ऐकू आला नव्हता.

मान वळत होती ती तांबड्या दिव्याकडे.

मग दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. मफलर सोडला, बोळे काढले आणि पुन्हा बसलो. वीसपैकी आठ. त्यातले दोन अंदाजाने.

कोणताही शिकाऊ कामगार विचारेल की सूर कानांसाठी असताना पेटीवर दिवा कशाला. तो दिवा पोरीसाठी नव्हता. तो माझ्यासाठी होता. वरचे सूर मला गेली सहा वर्षे ऐकू येत नाहीत. सूर सुरू झाला की नाही हे मला कळावे म्हणून मी तो बसवला, आणि नोंद चुकू नये म्हणून बसवला असे सगळ्यांना सांगितले. फोनवर मी का ओरडतो, याचे उत्तर आपल्याला त्यातच मिळेल. ही गोष्ट या घरात कुणालाही माहीत नव्हती. आता घरच्यांना माहीत आहे आणि आपल्याला. दोघींपैकी आपण ती जास्त वापराल.

आणखी एक. लेकीने गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. तिला शंका होती. मी सर्टिफिकेट पुढे केले आणि वेळ रद्द करायला लावली. ती म्हणाली होती, “बाबा, एकदा दाखवायला काय जातं?” मी म्हणालो होतो, “माझ्यावर विश्वास नाही का?” तिने फोन उचलून माझ्यासमोर वेळ रद्द केली.

खात्यात बिघडलेला मीटर पास करणाऱ्याला घरी बसवत. मी आधीच घरी बसलेलो आहे.

आपली कात्री बरोबर आहे.

व्याही

•

१२ ऑगस्ट

व्याहीबुवा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर टपालवाल्याचे हात भाजले असते.

डॉक्टरांनी पोरीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या आणि कानाला विचारण्याऐवजी सरळ मेंदूलाच विचारलं. दोन्ही कानांत मोठा दोष आहे. बहुतेक जन्मापासूनचा. मी विचारलं, टॉवरने होतं का? नाही म्हणाले. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. मी तिसऱ्यांदा तोंड उघडत होते, तर सूनबाईने माझ्या हातावर हात ठेवला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, आधी का नाही आणलं? पहिली तीन वर्षं भाषेची असतात म्हणे, त्यातलं एक अख्खं हातचं गेलंय. मुलाने जमिनीकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सूनबाई सरळ माझ्याकडे बघत होती. तुम्ही तिथे नव्हता, म्हणून तुमच्या वाटणीचंही मीच सोसलं. ते वर्ष तुमचं. त्यातले शेवटचे दोन महिने माझे. मी माझे नाकारत नाही. तुम्हीही तुमचे दिवा-बिवा सांगून कमी करू नका. सहा वर्षं ऐकू येत नव्हतं, तर चष्मा लावतात तसं काहीतरी कानाला लावायचं होतं. लाज वाटली? तुमची लाज झाकायला दिवा लागला, आणि त्या उजेडात पोर आंधळी कोशिंबीर खेळत राहिली.

कानामागे बसवायची यंत्रं आली आहेत. ती बसवणारी बाई हातात मोबाइल घेऊनच आली. यंत्राचा आवाज म्हणे त्यावरून कमीजास्त करायचा, तारेशिवाय. माझ्या पोरीच्या कानाला टेकलेलं, तारेशिवायचं! मी उठले. मुलगा म्हणाला, “आई, बस.” अशा आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी बसले.

यंत्रं सुरू झाली. बाई म्हणाली, “आजी, तुमचाच सहवास आहे तिला, तुम्ही हाक मारा. हळू.” मी मारली. माझ्या मते गोड मारली. भिंगरीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळे मोठे झाले आणि तिने भोकाड पसरलं.

आजीचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला आणि पोर रडली. हे वाक्य तुम्ही चार वेळा वाचाल आणि घरच्यांना वाचून दाखवाल. दाखवा. मोठ्याने दाखवा, तुम्हालाही ऐकू जाईल.

सोमवारी पोर परत येतेय. तुम्ही बोलावलंत म्हणून नाही. बोलायला शिकवणारी बाई तिकडे आहे, आठवड्यातून तीनदा जायचंय, आणि मुलगा-सून दोघं कामावर. क्लास चष्मेवालीच्या हवाली केलाय. काज-बटणांचं देव बघेल. मीही येतेय, मुलाच्या घरी राहायला. तुमच्या डोक्यावर.

टॉवर चांगला असतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पडदे बरोबर आणतेय.

विहीण

•

३ सप्टेंबर

विहीणबाई यांस (वरचा मजला),

हे पत्र मी स्वतः जिना चढून आपल्या दाराखालून सरकवणार आहे. घंटा वाजवणार नाही. कारण पुढे येईल.

काल संध्याकाळी आपल्या दिवाणखान्यात जे झाले त्याची नोंद अशी. यंत्रांच्या बॅटऱ्या मी रोज सकाळी मीटरवर तपासतो आणि तक्त्यात लिहितो. आपण म्हणालात, तपासलेल्या वस्तूंचा आपल्याला अनुभव आहे. मी म्हणालो, निदान बॉबिनांखाली दडवलेल्या वस्तूंपेक्षा त्या बऱ्या. आपण म्हणालात, “बहिऱ्या!” मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला, असे तळमजल्यावरच्यांनी आज सकाळी मला हसून सांगितले.

आपल्या लक्षात आले नसेल. माझ्याही उशिरा आले. भिंगरी आपल्या दोघांच्या मध्ये उभी होती. तिने आधी आपल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग डाव्या कानामागचे यंत्र काढून आपल्या हातात दिले. उजव्या कानामागचे काढून माझ्या हातात दिले. आणि कोपऱ्यात जाऊन आपली रिळे लावायला बसली. ती रागावलेली नव्हती. पाऊस आला की माणूस खिडकी लावून घेतो, तेवढ्याच सहजपणे तिने ते केले.

ती यंत्रे पुन्हा कानांवर चढायला चाळीस मिनिटे लागली. लेकीने दोन्ही गालांवरून हात फिरवत, एकेक करून चढवली. आपण दोघे हातात यंत्र घेऊन बँकेच्या रांगेत बसावे तसे बसलो होतो.

शिकवणाऱ्या बाईंना आज विचारले. त्या म्हणाल्या, जागेपणीचा प्रत्येक तास कानांवर यंत्र हवे. एक वर्ष गेलेच आहे. आता मिनिटेही सोडायची नाहीत. आणि यंत्र काढायची एकदा सवय लागली की लागली. जे ऐकावेसे वाटत नाही ते बंद करता येते, हे पोराला कळले की संपले. “घरात बोलणं भरपूर हवं,” म्हणाल्या, “पण तिला ऐकत राहावंसं वाटेल असं.” मी म्हणालो, आमच्याकडे पहिल्या भागाची अडचण नाही.

आपण पोरीचे एक वर्ष घालवले. म्हणजे मी घालवले; दोन महिने आपले. त्यात आता चाळीस मिनिटांची भर पडली, आणि ती निम्मीनिम्मी आहे. टॉवर, सर्टिफिकेट, चिठ्ठी, डॉक्टर, आपल्या चिरंजीवांचे केस, यांबद्दल माझी मते बदललेली नाहीत आणि आपली बदलतील अशी आशा मी सोडली आहे. पण कागद वाजत नाही. म्हणून सुचवतो: यापुढे भांडण फक्त लेखी. दाराखालून. पोरीसमोर आपण दोघांनी हवापाणी, रिळांचे रंग आणि मांजरे यांवर बोलावे. मांजरांबद्दल आपले काय मत आहे ते ठाऊक नाही. कृपया ते माझ्यासारखेच असावे.

तिचा तिसरा शब्द आज सकाळी आला. ‘पुरे.’ कुणाकडून शिकली ते शोधावे लागले नाही. आमच्या सौ. आपल्या दोघांना तो दिवसातून दहादा म्हणतात.

कळावे.

खालचा मजला

•

४ सप्टेंबर

व्याहीबुवा,

कबूल. मांजरं मला आवडत नाहीत, पण पोरीसमोर आवडतील.

काल रात्रभर हातात ते यंत्र धरल्यासारखं वाटत होतं. शेंगदाण्याएवढं आहे. तिने ते माझ्या तळहातावर कसं ठेवलं, ते तुम्ही लिहिलंत तसंच होतं. तुम्ही नोंद बरी करता, एवढं कबूल करते. एवढंच.

आजपासून समोरासमोर मी तुमच्याशी गोड बोलणार आहे. दचकू नका. सकाळी जिन्यात भेटलो तेव्हा “काय म्हणते तब्येत?” असं मी विचारलं, तर तुम्ही कठडा धरलात. पोर बघत होती. उद्यापासून कठडा न धरता “बरी आहे” म्हणायचं, आणि उलट विचारायचं. मी “बरी आहे” म्हणेन. एवढं दोघांना जमलं पाहिजे. दोन वर्षांची मुलं करतात.

एक माझीही अट. कानांच्या डॉक्टरांकडे तुमची वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता. सूनबाईने फोन लावला, तिच्या हातातला मोबाइल मी माझ्या हाताने माझ्या कानाला धरला आणि मीच बोलले. रद्द केलीत तर मांजरं बंद. आजोबांच्याही कानामागे यंत्र दिसलं, तर पोर आपलं काढणार नाही, असं शिकवणाऱ्या बाई म्हणतात. मी त्यांना विचारायला गेले होते. तुमच्यासाठी नाही.

बाकी, माणसाच्या पोटात जे आहे ते कुठेतरी निघालं पाहिजे. सोबत चार पानं जोडली आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहिली दोन सर्टिफिकेटबद्दल आहेत, तिसरं टॉवरबद्दल, चौथं सर्वसाधारण तुमच्याबद्दल. सावकाश वाचा, उत्तराची घाई नाही. फक्त पोरीसमोर वाचू नका. वाचताना तुमचे ओठ हलतात, आणि कान नव्हते तेवढे दिवस तिने ओठांवरच निभावलंय.

वरचा मजला